इश्श आणि इश्

जर्मन भाषेत ‘मी’ला जो शब्द आहे तो आपल्या कानाला ‘इश्’सारखा ऐकू येतो. ओठ थोडे ताणायचे, जीभ टाळूजवळ न्यायची आणि हवा बारीक सोडायची. मराठी घरात वाढलेल्या मुलीने हा शब्द प्रथम घोकायला घेतला की घरातली वडीलधारी मंडळी हसणारच. आपल्याकडे ‘इश्श’ म्हणते ती लाजून स्वतःला मागे घेते. तिकडे ‘इश्’ म्हणते ती स्वतःला पुढे करते. ह्या गमतीवर फराळाबरोबर चार विनोद सांगून मोकळे होता येईल. पण मला त्याच गमतीच्या पोटात शिरून काही पुस्तकांविषयी बोलायचे आहे. परकी भाषा वरच्या पायरीपर्यंत शिकणाऱ्या माणसाच्या ‘मी’चे पुढे काय होते, हा प्रश्न आता प्राध्यापकांच्या खोलीतून उठून आमच्या मुलुंड-घाटकोपरच्या, अंधेरी-बोरिवलीच्या बिऱ्हाडांत येऊन बसला आहे.

उपनगरात जर्मनचे वर्ग किती निघाले ते मोजायला नको. स्टेशनबाहेरच्या पाट्या पाहाव्यात. कुणाच्या मुलाला तिकडच्या विद्यापीठात जायचे असते, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. कुणाची पुतणी परिचारिका म्हणून निघालेली असते. कुणी नवी नवरी नवऱ्याकडे जायच्या परवान्यासाठी पहिली परीक्षा देत असते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग ह्या राज्याशी कुशल माणसे पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तर पाट्यांवरची अक्षरे आणखी मोठी झाली. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात. पहिलीवर तुमचे नाव, गाव, वय, धंदा. दुसरी-तिसरीवर दवाखाना, बँक, घरमालक. चौथीवर अर्ज आणि तक्रारी. बहुतेक मंडळी तिथवर काम होताच उतरून जातात. पाचव्या पायरीवर मात्र पुस्तकाचा सूर बदलतो. तिथे धडा विचारू लागतो की तुम्ही रागावता कोणत्या भाषेत, हिशेब कोणत्या भाषेत करता, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना तुमच्यातले काय मागे राहते. पहिल्या पायरीवर ज्याने नाव विचारले होते, तोच आता ‘तुम्ही कोण?’ असे विचारतो!

मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेली. शाळेत लहान मुलांना शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. जर्मनच्या नादी लागले ते कुठे जायचे होते म्हणून नव्हे. माझ्या एका कादंबरीत मालाडच्या स्टुडिओतला एक सुतार होता. हिमांशु राय ह्यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज काढली, तेव्हा तिथे बरीच जर्मन मंडळी होती: दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन, कॅमेरा सांभाळणारे योसेफ विर्शिंग, देखावे उभारणारे कार्ल फॉन श्प्रेटी. ‘अछूत कन्या’सारखे अस्सल हिंदी बोलपट १९३६ साली ओस्टेनने बसवले, ते हिंदी येत नसताना! १९३९ साली युद्ध सुरू झाले आणि ओस्टेन-विर्शिंग ह्यांना सरकारने स्थानबद्ध केले. ओस्टेन पुढे मायदेशी गेला; विर्शिंग मात्र युद्धानंतर पुन्हा इथल्या कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि त्याने ‘महल’ टिपला. माझ्या सुताराने ह्या साहेबांच्या तोंडून काय ऐकले असेल, एवढ्यासाठी मी शेजारच्या एका शिकणाऱ्या मुलीच्या वहीत डोकावले. सुताराची कादंबरी छापून जुनी झाली, मुलगी तिकडे नोकरीला लागली. मी अजून डोकावतेच आहे.

आता व्याकरणाचे थोडे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वाचकांनी घाबरू नये. शाळामास्तरणीची खोड आहे, लवकर आटोपते.

आपण मराठीत ‘मी जातो’ म्हटले की बोलणारा पुरुष झाला, ‘मी जाते’ म्हटले की बाई झाली. मराठी ‘मी’ला तोंड लपवता येत नाही. जर्मन ‘इश् गेहे’ पुरुषाचेही तेच आणि बाईचेही तेच. कादंबरी लिहिणारीला हा फरक केवढा मोठा वाटतो ते काय सांगू! जर्मन लेखिका दहा पाने ‘मी’ ‘मी’ करीत जाऊ शकते आणि बोलणारे कोण हे कळू देत नाही. पण तीच ‘मी शिक्षिका आहे’ असे म्हणू लागली की तिथे शब्दाला स्त्रीचे शेपूट लावावे लागते. म्हणजे मराठी बाई हालली की बाई ठरते, आणि जर्मन बाई धंदा सांगितला की बाई ठरते.

दुसरे ‘आपण’. ऐकणाऱ्याला धरून असेल तर ‘आपण’, सोडून असेल तर ‘आम्ही’. जर्मनला हा भेद नाही. तिथे एकच ‘वीर’. तिकडचा पुढारी भाषणात ‘वीर’ म्हणाला की बाहेरून येऊन तिथे राहिलेल्या माणसाने ओळखायचे, की ह्यात मी आहे की नाही. मराठी माणसाला ही उणीव फार जाणवते. शिवाय आपले ‘आपण’ किती कामे करते पाहा: ‘आपण जेवायला बसू’ ह्यात ते आपणा सगळ्यांचे, ‘आपण कोठून आलात?’ ह्यात समोरच्याचे, आणि ‘तो आपणच हसला’ ह्यात फक्त स्वतःचे. स्वतःला, समोरच्याला आणि सगळ्यांना मिळून एक शब्द वापरणाऱ्या लोकांनी ‘इश्’चा अभ्यास करावा, ह्यात मोठीच मौज आहे.

तिसरी गंमत कोकणातल्या माणसांसाठी. जर्मनमध्ये मुलीला ‘दास मेड्शेन’ म्हणतात, आणि ‘दास’ हा नपुंसकलिंगाचा टिळा. मार्क ट्वेन ह्या अमेरिकन विनोदी लेखकाने ह्यावर पोट धरून हसवले आहे. पण मालवणी माणूस हसणार नाही. आमच्या घरात अजून ‘तां चेडू’ म्हणतात. मुलगी लग्नाची होईतो तिच्यामागे ‘तां’च. वासरू, लेकरू, पाखरू, तसेच चेडू. जर्मन शब्दाच्या शेवटी जे ‘शेन’ आहे तेही धाकुटेपणाचे, लाडाचे. तेव्हा ही चेष्टा नव्हे, लाड आहे, असे म्हणता येईल. मात्र लाडालाही हद्द असते. कुमारिकेला लावायचे ‘फ्रॉयलाइन’ हे तसेच धाकुटे, तसेच नपुंसकलिंगी. १९७२ साली पश्चिम जर्मनीच्या गृहखात्याने ते सरकारी कागदातून काढून टाकले आणि प्रौढ बाई, लग्न झालेली असो वा नसो, ‘फ्राउ’ झाली. आपल्याकडे लग्नपत्रिकांतली ‘चि. सौ. कां.’ अजून सुखात आहे.

व्याकरण संपले. आता पुस्तके.

पाचव्या पायरीवरच्या वाचनात एलियास कानेटी हटकून भेटतो, आणि भेटावाच. १९८१ साली त्याला नोबेल मिळाले. त्याच्या बालपणाच्या आठवणींचे पुस्तक १९७७चे. नावाचा अर्थ ‘वाचवलेली जीभ’. पहिलीच आठवण भयंकर आहे. दोन वर्षांच्या पोराला सांभाळणारी मुलगी कडेवर घेऊन निघते, समोरच्या दारातून एक हसरा माणूस येतो, खिशातून चाकू काढतो आणि म्हणतो, जीभ दाखव, कापतो. मग म्हणतो, आज नको, उद्या. असे रोज! पोर दहा वर्षे गप्प राहते आणि मग कधीतरी आईला विचारते. त्या मुलीचा तो प्रियकर होता आणि पोराने घरी बोलू नये म्हणून हा धाक होता. भाषेवरचे पुस्तक ह्याहून चांगले सुरू झालेले मी वाचलेले नाही.

कानेटीचा जन्म १९०५ साली बल्गेरियातल्या रुसे गावी, स्पेनमधून पूर्वी हाकलल्या गेलेल्या यहुदी घराण्यात. घरात जुनी स्पॅनिश बोली, जिला लादिनो म्हणतात. गावात बल्गेरियन, तुर्की, ग्रीक, रुमानियन आणि कितीतरी. आणि आईबाप आपसात बोलत जर्मन! दोघांची तरुणपणची ओढ व्हिएन्नाची, तिथल्या नाटकांची. मुलांना त्यातले काही कळू द्यायचे नाही. पोर दाराआडून ते आवाज ऐके आणि एकटे असताना मंत्रासारखे घोके. आपल्या उपनगरातही हे आहेच. पोरांपासून लपवायचे काही असले की आईबाप इंग्रजीत शिरतात, आणि म्हणून पोरे इंग्रजी लवकर शिकतात.

पुढे कुटुंब मँचेस्टरला गेले. १९१२ साली वडील एकाएकी वारले. आई मुलांना घेऊन व्हिएन्नाला निघाली आणि वाटेत लोझानला थांबली. तिथे तिने आठ वर्षांच्या एलियासला जर्मन शिकवले. पुस्तक स्वतःच्या हातात ठेवले, त्याला पाहू दिले नाही. वाक्य म्हणायचे, अर्थ एकदा सांगायचा, दुसऱ्या दिवशी ते बिनचूक आले पाहिजे. नाही आले की टोमणे, हेटाळणी. असला मुलगा माझा कसा, असला सूर. घरातल्या इंग्रज बाईने मध्ये पडून रदबदली केली तेव्हा कुठे पोराच्या हाती अक्षरे आली. कानेटी सांगतो की ही आपली उशिरा रुजवलेली मातृभाषा, वेदनेतून रुजलेली. पण त्या वेदनेपाठोपाठ सुखही आले. कारण आईला नवऱ्याशी जी भाषा बोलायची होती तिच्यासाठी आता समोर माणूस हवा होता, आणि तो माणूस हा पोरगा झाला.

मराठीत ‘मातृभाषा’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! जणू ती दुधाबरोबर येते. कानेटीने ह्या शब्दाला उलटेच करून दाखवले. आईने दिली म्हणून ती मातृभाषा, पण दिली आठव्या वर्षी, छळून दिली, आणि दिली ती गेलेल्या नवऱ्याची जागा भरण्यासाठी. साहित्यिक म्हणून मी ह्या प्रकरणाला मान देते. शिक्षिका म्हणून मला ते पटत नाही. कानेटी त्या शिकवण्याला अखेर जे तेज चढवतो ते यशस्वी मुलाने चढवलेले तेज आहे. अशा रीतीने शिकवलेली आणि कायमची मुकी झालेली मुले मी वर्गात पाहते. ती आठवणी लिहीत नाहीत, म्हणून आपल्याला छळाची फक्त गोड फळे छापील मिळतात. पुस्तक थोर आहे आणि ह्या एका जागी ते आपल्याला चकवते. वाचताना दोन्ही ध्यानात ठेवावे.

काफ्काने तर ‘आई’ ह्या शब्दालाच हात घातला. १९११ सालच्या रोजनिशीत तो अशा अर्थाचे लिहितो की आईवर जितके प्रेम करायला हवे होते तितके माझ्याकडून झाले नाही, ह्याला जर्मन भाषा कारण झाली. यहुदी आईला ‘मुटर’ म्हटले की ती थोडी हास्यास्पद होते, परकी होते. एका शब्दामुळे आई दुरावणे हे कुणाला अतिशयोक्त वाटेल. त्यांनी आमच्या इमारतीत यावे. मजल्यामजल्यावर आई, माय, बा, अम्मा अशा हाका होत्या, तिथे आता सगळीकडे ‘मम्मा’ आहे. हाक एकच झाली, आया मात्र निरनिराळ्याच राहिल्या.

एमिने सेवगी ओझदामार ही तुर्की बाई. १९६५ साली ती बर्लिनला कारखान्यात कामाला आली तेव्हा तिला जर्मनचा शब्द येत नव्हता. पुढे तिने जर्मनमध्येच लिहिले आणि २०२२ साली जर्मन साहित्यातला मोठा मानला जाणारा ब्यूश्नर पुरस्कार तिला मिळाला. तिच्या १९९०च्या पुस्तकाचे नाव ‘मुटरत्सुंगे’. जर्मनमध्ये मातृभाषेला रूढ शब्द ‘मुटरश्प्राखे’. ‘त्सुंगे’ म्हणजे तोंडातली जीभ. तुर्कीत जीभ आणि भाषा ह्यांना शब्द एकच. तिने तो तुर्की शब्द जर्मन कपड्यात उभा केला आणि जर्मन वाचक दचकला. चुकीसारखे दिसणारे हे नाव मुद्दाम ठेवलेले आहे. आमच्या वर्गातल्या मुलांना मी हेच सांगते की चूक आणि खोडी ह्यांत फरक करायला शिका. पण आधी चूक होऊ न देता लिहिता आले पाहिजे. योको तावादा ही जपानी लेखिका १९८२पासून जर्मनीत राहते. तिला पेन्सिल ‘तो’ आणि टंकयंत्र ‘ती’ ह्याचेच नवल. त्या ‘ती’ला तिने आपली दत्तक आई करून टाकले. लेख गोड आहे, पण मराठी वाचकाला त्यात फारसा धक्का बसणार नाही. आपला टाक ‘तो’, दौत ‘ती’ आणि पान ‘ते’ कधीपासून आहेच.

आता घरच्या पुस्तकाकडे येते, कारण हा सगळा खटाटोप मी त्याच्यासाठी केला आहे.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली आली. कथा बहुतेकांना ठाऊक असेल. प्रेमात पोळलेला चक्रधर विध्वंस युरोपातून बोटीने परत निघतो. त्याच बोटीवर जर्मनीतून हाकललेले यहुदी आहेत आणि त्यांत हर्टा आहे. दोघे जवळ येतात. मुंबई येते. तो उतरतो, तिला उतरता येत नाही. बोट तिला घेऊन पूर्वेकडे जाते, आणि मग तिची पत्रे येतात. पुढचे ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. हे पुस्तक एवढे लहान आहे की भाऊबीजेच्या दुपारी संपेल, आणि एवढे जड आहे की संपणार नाही.

ह्या बोटी खऱ्या होत्या. नोव्हेंबर १९३८च्या दंगलीनंतर जर्मनीतले आणि ऑस्ट्रियातले यहुदी मिळेल त्या वाटेने पळाले. शांघायला उतरायला परवाना लागत नसे. इटलीच्या जिनोआ-त्रिएस्तहून निघणाऱ्या बोटी सुएझ ओलांडून मुंबई, कोलंबो, सिंगापूर करीत तिकडे जात. ह्या माणसांच्या पासपोर्टावर तांबडा ‘जे’ मारलेला असे. शिवाय कायदा झाला होता: १ जानेवारी १९३९पासून, ज्याचे नाव सरकारी यादीप्रमाणे यहुदी वाटत नाही त्याने नावात आणखी एक नाव घालायचे, पुरुषाने ‘इस्राएल’ आणि बाईने ‘सारा’. म्हणजे हर्टासारख्या मुलीला ‘इश्’ म्हटल्यावर पुढे आपले नाव सांगण्याची मोकळीक राहिली नव्हती. आपण कोण, हे तिच्याच भाषेत दुसऱ्या कुणी तिच्या कपाळी लिहिले होते.

‘रणांगण’वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. युद्धविरोधी म्हणून, आधुनिक म्हणून, विफल प्रेमाची म्हणून. हे सारे तिच्यात आहे. पण हर्टाची भाषा कोणती, ह्या प्रश्नावर मला कुठे कुणी थांबलेले आढळले नाही. ती जर्मनमध्ये वाढलेली. आपल्याला ऐकू येते ते मराठी. अशा दोघांत प्रत्यक्षात बहुधा इंग्रजीच चालली असती, आणि इंग्रजी ‘यू’ला मान नाही नि लाडही नाही. जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे तुम्ही, ‘डू’ म्हणजे तू. आणि ‘झी’वरून ‘डू’वर येणे ही दोन माणसांच्या आयुष्यातली तारीख असते. मोठ्याने धाकट्याला ते आधी देऊ करायचे, अशी तिकडची रीत आहे. मराठी लेखकाला हे पाऊल चुकवता येत नाही. कोणत्या ओळीपासून एकेरी, हे त्याने ठरवावेच लागते. त्यामुळे ‘रणांगण’मधले मराठी, इंग्रजीपेक्षा हर्टाच्या जर्मनला अधिक जवळचे आहे. त्याहून मोठी गोष्ट क्रियापदाची. जर्मनमध्ये हर्टा ‘इश्’ म्हणते तेव्हा ती केवळ एक माणूस आहे. बेडेकरांच्या मराठीत ती दर वाक्याला बाई आहे: मी येते, मी राहते, मी वाट पाहते. कायद्याने जिला ‘सारा’ केले आणि एका अक्षराचा शिक्का केले, तिला मराठी क्रियापदाने देह परत दिला. हे बेडेकरांनी ठरवून केले असे मी म्हणत नाही. मराठीने ते त्यांच्या हातून करवून घेतले. पण कादंबरीचा जो चटका बसतो त्यात ह्याचा वाटा आहे, एवढे मी ठामपणे म्हणते.

आणि एक उणे दाखवते. हर्टाला ज्यांनी हाकलले ते तिच्याच भाषेत ओरडत होते. ज्या भाषेत आईने अंगाई म्हटली त्याच भाषेत दारावर लाथ बसली. अशा माणसाचे स्वतःच्या भाषेशी भांडण होते, आणि ते कधी मिटत नाही. पाउल सेलानची आई जर्मन साहित्याची वेडी. १९४२-४३च्या हिवाळ्यात नाझींच्या छावणीत ती मारली गेली. आणि मुलगा जन्मभर जर्मनमध्येच कविता लिहीत राहिला, भाषा मोडून, चिरडून, पण सोडली नाही. हे भांडण मला हर्टात हवे तेवढे सापडत नाही. तिची वेदना प्रेयसीची आहे, निर्वासिताची आहे; बोलणाऱ्या माणसाची नाही. १९३९ साली हे दिसणे अवघड होते असे कुणी म्हणेल, आणि ते खरेही असेल. पण मोठ्या पुस्तकाला मोठे मागणे मागावे. ‘रणांगण’ची इतकी वर्षे आपण आरतीच केली, तिच्याशी कुणी भांडले नाही, म्हणून ही मी भांडते.

त्याच जर्मनीत दहा वर्षे आधी आपल्यातली एक बाई जाऊन आली होती. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर ह्या मानववंशशास्त्रज्ञाकडे संशोधनाला होत्या. गोऱ्या माणसाच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्याचा संबंध त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी असतो, ही गुरूची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असमानता वंशावर ठरत नाही असे लिहून मोकळ्या झाल्या. आपल्याहून सर्व बाबतींत बलवान असलेल्या गुरूला त्याच्याच भाषेत ‘नाही’ म्हणणे ही जर्मनच्या कोणत्या पायरीवर शिकवतात, मला ठाऊक नाही. आणि शास्त्रीय जर्मन गद्यात ‘इश्’ येऊ द्यायचा नसतो! ‘असे आढळून आले’, ‘असे मानता येत नाही’, अशा वाक्यांत सारे लिहायचे. म्हणजे त्यांच्या ‘मी’ने केलेले बहुधा सर्वांत धाडसी काम ‘मी’ हा शब्द न वापरता झाले.

हे मनात ठेवून त्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख वाचावा, पुस्तक १९४९चे. सभेत बाईंची ओळख करून दिली जाते: कुणाची सून, कुणाची पत्नी. तरी काही राहून गेल्यासारखे वाटते. मग रस्त्यावरचे शाळकरी पोर आपल्या सोबत्याला ‘ही अमक्याची आई’ असे दाखवते आणि ओळख पुरी होते. पाठ्यपुस्तकी वाचनाने ह्याला मातृत्वाचा गौरव ठरवले, आणि हल्लीच्या मुलींना ह्याचा राग येतो. मला दोन्ही वाचने उथळ वाटतात. जी बाई नावाने, हिमतीने बर्लिनला उभी राहिली, जी नवऱ्याला त्या काळी एकेरीने हाक मारी, तिला आपण कोण हे पोरटोरांकडून कळायचे नव्हते. (ती एकेरी जर्मनने शिकवली असे मात्र मी म्हणणार नाही; तो त्यांचा स्वभाव.) लेखातले हसू कुणावर आहे ते नीट पाहावे. ओळख करून देणाऱ्यावर आहे, स्वतःवर आहे, आणि ज्या समाजात षष्ठी विभक्तीशिवाय बाईचा परिचय पुरा होत नाही त्या समाजावर आहे. पण ते हसू कडू नाही, कारण बाईंना त्या ‘ची’ प्रत्ययात ऊबही वाटते. दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांभाळणारा असा ‘मी’ मराठीत त्यांच्याआधी फार थोड्यांना साधला.

गेल्या वर्षी आम्ही चार-पाच जणी रविवारी दुपारी ‘परिपूर्ती’ जर्मनमध्ये उतरवायला बसलो. एकीला पुढच्या महिन्यात हॅम्बुर्गच्या इस्पितळात रुजू व्हायचे होते, दोघी बोरिवलीहून येत, एक निवृत्त पोस्टमास्तरीण. क्रियापदाचे बाईपण पहिल्याच ओळीत गळाले; ते गृहीतच धरले होते. ‘सून’ला जर्मन शब्द मिळाला. मग गप्पा निघाल्या नात्यांच्या, आणि कळले की जाऊ, नणंद, वहिनी आणि मेहुणी ह्या चौघींना तिकडे मिळून एकच शब्द आहे, ‘श्वेगरिन’. पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, “म्हणजे ह्यांच्याकडे भांडणे कशी होतात?” हसू ओसरल्यावर आम्ही शेवटच्या परिच्छेदाकडे आलो. शाळकरी पोर आईला आडनावानिशी ओळखते, आणि त्यात पोराचा जो हक्काचा, थोडा उद्धट सूर आहे तो जर्मनमध्ये येईना. ‘मुटर’ लिहिले तर काफ्का आठवतो, ‘मामा’ लिहिले तर मराठी कानाला आईचा भाऊ उभा राहतो. हॅम्बुर्गला जाणारी म्हणाली, “आई असेच ठेवू या, त्यांना शिकू दे.” बोरिवलीच्या दोघींना ते पटले नाही, त्या म्हणाल्या, भाषांतर करायला बसलो आहोत, शिकवायला नाही. मसुद्यात अजून दोन्ही शब्द आहेत, एक पेन्सिलीने आणि एक शाईने.